ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं बिनपाटीचं गीझर रिपेअरिंगचं दुकान, माझ्याकडून ५ पैकी ४

दुकानाचं नाव काय म्हणून विचारू नका, पाटीच नाहीये. दौलतगंजकडून नया बाजारात शिरलं की जुने गीझर, मिक्सर आणि कूलरच्या मोटरी बाहेर रचून ठेवलेलं एक बोळकांडीएवढं दुकान दिसतं तेच. मालक मिस्त्री साठीचे असतील, सोबत एक पोरगा.

झालं असं की संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दोन दिवस आधी आमचा २५ लिटरचा गीझर बसला. ग्वाल्हेरची जानेवारी ज्यांनी काढलीये त्यांना सांगायला नको, चार चार दिवस धुक्यात सूर्य नाही, पहाटे तीन-चार डिग्री, आणि घरात ७८ वर्षांच्या सासूबाई ज्यांना आंघोळ केल्याशिवाय चहा चालत नाही. तसं महिनाभर आधीपासून तो टाकीतून कडकड कडकड आवाज करत होता, जसं कोणी आत फुटाणे भाजतंय, आणि पाणी तापायला तास तास लागत होता. मी म्हटलं थंडी आहे म्हणून असेल. मग एक दिवस नळाला हात लावला आणि झिणझिणलं. त्यानंतर स्विच ऑन केला की एमसीबी खाली. सासूबाई म्हणाल्या, आमच्या बंबाला कधी मिस्त्री लागला नाही. आता तांब्याचा बंब माळ्यावर आहे खरा, पण लाकडं कुठून आणू?

आधी कंपनीच्या माणसाला बोलावलं. व्हिजिटचे ४५० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५३१ त्याने दारातच घेतले, झाकण उघडलं, टॉर्च मारला आणि दहा मिनिटांत निकाल दिला की टाकी गेली, नवीन घ्या, २५ लिटरचा साडेअकरा हजारांना बसेल. टाकी गेली तर खाली पाणी गळायला नको का, असं मी विचारलं तर म्हणे मॅडम आज ना उद्या गळेलच. वॉरंटी कार्डावर टाकीची ७ वर्षं, आमच्या गीझरला ६ झालेली! ते दाखवलं तर त्याला एकदम दुसरा कॉल आला.

मग शेजारच्या काकूंनी या दुकानाचं सांगितलं. मिस्त्री सकाळी अकराला येतो म्हणाले, आले पावणेदोनला. एक स्टार तिथेच कापलाय. पण आल्यावर त्यांनी गीझरला हातच लावला नाही, आधी टेस्टर घेऊन प्लगपाशी बसले, सॉकेट उघडलं आणि डोक्याला हात लावला. आमचं घर जुना वाडा, अर्थिंग मुळातच नाही, आणि कधीतरी कोणत्या तरी इलेक्ट्रिशियनने तीन पिनांचं सॉकेट लावताना अर्थची पिन सरळ न्यूट्रलला जोडून टाकली होती. म्हणजे न्यूट्रल कुठे ढिला झाला की गीझरचं सगळं पत्र्याचं अंग करंटमध्ये, आणि आपण ओल्या पायांनी खाली उभे. "भाभीजी, गीजर तो मैं आज बना दूँ, पर अर्थिंग के बिना चालू नहीं करूँगा, चाहे पैसे मत देना." हे वाक्य ऐकून मला आधी रागच आला खरं तर, कारण उद्या घरात तीस बायका.

मग गीझर खाली उतरवला. कॉइल बाहेर काढली तर ती कॉइल वाटतच नव्हती, मुळ्यासारखी पांढरी जाड कांडी, वर बोटभर क्षार. आमच्याकडे बोअरचं पाणी, त्यामुळे आश्चर्य नाही. त्यांनी समजावून सांगितलं की क्षाराच्या थरामुळे उष्णता पाण्यात जातच नाही, कॉइल आतल्या आत तापते, तडकते, मग पाणी आत शिरतं आणि शॉक बसतो. तो फुटाण्यांचा आवाज म्हणजे थराखाली पाणी उकळून वाफ होत होती. टाकीतून दोन लोटे भरून चुरा निघाला. आणि एक मॅग्नेशियमची कांडी असते ती, टाकीऐवजी स्वतः गंजायला ठेवलेली, आमची झिजून नुसती तार उरली होती. ती दर दोन वर्षांनी बदलायची असते, खारं पाणी असेल तर त्याआधीच बघायची, हे कार्डावर बारीक अक्षरात लिहिलेलं निघालं. टाकी ठणठणीत होती. सेफ्टी वॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून कुणीतरी तिथे चक्क बूच ठोकलेलं. पाणी तापलं की फुगतं, ते थेंब पडायलाच हवेत, ते बंद केले तर टाकीच फुटू शकते.

खर्च सांगते. कॉइल ७५०, थर्मोस्टॅट ३८०, कांडी ३५०, वायसर ६०, नवा वॉल्व्ह २८०, साफसफाई आणि मजुरी ५००. झाले २,३२०. पुढचा खर्च गीझरचा नाही, वाड्याचा. अंगणात खड्डा करून कोळसा-मीठ घालून अर्थिंग ३,८००, ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाईट तोडणारा स्विच) १,९००, आणि जुनी बारीक वायर काढून ४ एमएमची वायर आणि १६ अँपचं सॉकेट १,१५०. ६,८५० तिकडे गेले. एकूण ९,१७०. नवरा म्हणाला एवढ्यात जवळजवळ नवा आला असता. आला असता, आणि त्याच सॉकेटला लावून त्यानेही शॉक दिला असता, हे त्याला दोनदा सांगावं लागलं.

हळदीकुंकवाला पाणी गॅसवर तापवलं. मधे कोणीतरी बादलीत रॉड टाकायची आयडिया दिली, सासूबाईंनीच हाणून पाडली.

माझा भाचा मिनेसोटात असतो, त्याला हे फोनवर सांगितलं तर तो हसला, त्याच्या तळघरात ५० गॅलनची टाकी आहे, म्हणजे आपले १९० लिटर, आणि ती बदलायची तर त्याच्या गावात आधी परमिट, मग इन्स्पेक्टर येऊन बघून जाणार. इथे मिस्त्रींनी स्वतःच इन्स्पेक्टरचं काम केलं म्हणायचं. भाचा टाकी १२० फॅरनहाइटवर ठेवतो, म्हणजे ४९ डिग्री. मिस्त्रींनी आमची ७५ वरून ५५ वर आणली, जास्त तापवलं की क्षार जास्त धरतो म्हणून. आता आमची टाकी बारा डिग्रीच्या पाण्यापासून ५५ पर्यंत पस्तीस-चाळीस मिनिटांत येते, सव्वा युनिट जातं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचंच पाणी भाजतं, तेव्हा गीझर बंदच.

तक्रारी पण लिहिते. पक्कं बिल देत नाहीत, कागदाच्या चिठ्ठीवर हिशोब, त्यामुळे पार्ट्सची गॅरंटी तोंडी. कॉइल कोणत्या मेकची ते मी विचारलं तेव्हा डबा दाखवला, आपणहून नाही. आणि बाथरूममध्ये क्षाराचा सगळा चिखल तसाच सोडून गेले, पोरग्याला सांगितलं तर तो हसला फक्त. जायचं असेल तर दुपारी चारनंतर जा, सकाळी ते कुणाच्या तरी घरी असतात. आणि फोनवर "बस दस मिनट" म्हणाले की दीड तास धरून चाला.