मुलांच्या चिंतेसाठी टेली-मानस १४४१६: कुठवर उपयोगी?

रविवारी रात्रीपासून पोटात दुखायला लागतं, सोमवारी शाळेची वेळ टळली की मूल खेळायला लागतं. सोनोग्राफी नॉर्मल. मग घरात दृष्ट काढली जाते, डॉक्टर बदलले जातात, आणि महिने जातात. हे नाटक नव्हे. चिंतेने पोट खरंच दुखतं. अशा वेळी टेली-मानसला, म्हणजे १४४१६ ला, फोन जरूर करावा.

केंद्र सरकारची ही मानसिक आरोग्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. मोफत, चोवीस तास. मराठीसोबत तेलुगू आणि कन्नडही असल्याने सोलापूरकरांना ती विशेष सोयीची. शहराच्या पूर्व भागात आई कामावर आणि मूल दिवसभर आजीजवळ असेल, तर आजीलाच बोलू द्या; खरी माहिती तिच्याकडे असते. आधी समुपदेशक बोलतात, गरज पडल्यास पुढे तज्ज्ञांकडे जोडून देतात.

फोनआधी आठवडाभराची नोंद करा: त्रास कधी सुरू होतो, किती वेळ टिकतो, सुट्टीत असतो का, झोप कशी, मूल काय काय टाळतं. ‘पोरगं हट्टी झालंय’ एवढ्यावर कुणालाच काही सांगता येणार नाही. मुलाच्या कानावर पडेल असं बोलू नका. मात्र जीव द्यायची भाषा असेल तर नोंदी राहू द्या, लगेच फोन करा.

दिशा मिळण्यासाठी ही सेवा पैकीच्या पैकी. उपचार मात्र फोनवर उरकत नाही. मुलांच्या चिंतेवर सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा बोलण्यातून उपचार, साधारण १२ ते १६ बैठकांचा. त्याचा गाभा म्हणजे भीतीची शिडी: आधी शाळेच्या फाटकापर्यंत, मग एक तास वर्गात, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. प्रत्येक पायरीवर भीतीला ० ते १० गुण मुलानेच द्यायचे आणि आकडा उतरेपर्यंत तिथेच थांबायचं. घोडं अडतं ते इथेच. भीती ८ वर असताना रडू बघवत नाही म्हणून मुलाला घरी आणलं, की ‘पळालो म्हणून वाचलो’ हेच त्याच्या मनात पक्कं होतं. पायरी फार उंच वाटली तर मध्ये छोटी घाला, पण शिडी सोडू नका.

औषधाला उगाच घाबरू नये. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात ७ ते १७ वयाची ४८८ मुलं होती. सीबीटी आणि सर्ट्रालिन ही चिंतेवरची गोळी, दोन्ही मिळालेल्यांपैकी ८१ टक्के मुलं बरीच सुधारली. नुसत्या सीबीटीने ६०, नुसत्या गोळीने ५५, खोट्या गोळीने २४. गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला मूल अस्वस्थ वाटलं किंवा मरणाचं बोलू लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. गोळी मनाने बंद करू नका.

प्रत्यक्ष तपासणीसाठी सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलचा मनोविकार विभाग आहे. जाताना नोंदींचा कागद, शाळेची हजेरी आणि चालू औषधं न्या. दम्याच्या साल्ब्युटॅमॉलनेही हात थरथरतात, छाती धडधडते. ते आवर्जून सांगा.