कांस्य स्तराचे आठ महिने : शाळेतल्या पुरस्कार योजनेचा एका पालकाचा अनुभव

गेल्या जूनमध्ये मुलगी नववीत गेली आणि पहिल्याच आठवड्यात शाळेतून ‘द इंटरनॅशनल अवॉर्ड फॉर यंग पीपल’ या योजनेचे माहितीपत्रक घेऊन आली. ब्रिटनमध्ये 1956 साली प्रिन्स फिलिप यांनी सुरू केलेल्या ड्यूक ऑफ एडिनबरा पुरस्काराचे हे भारतातले नाव. 1953 च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नेते जॉन हंट हे त्या योजनेचे पहिले संचालक होते, हे कळल्यावर मुलीचा उत्साह वाढला आणि माझी शंकाही वाढली. कारण बेळगावच्या वडगावात, विणकरांच्या मागांच्या खडखडाटात वाढलेल्या मुलीला एव्हरेस्टवाल्यांच्या योजनेतून नेमके काय मिळणार, हे मला दिसत नव्हते. आता आठ महिने झाले आहेत. पुढच्या जूनमध्ये ज्यांच्या घरी हेच पत्रक येईल, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

योजनेची मांडणी साधी आहे. कांस्य, रौप्य आणि सुवर्ण असे तीन स्तर असून त्यांसाठी वयाची किमान अट अनुक्रमे 14, 15 आणि 16 वर्षांची आहे. कांस्य स्तरासाठी सेवा, कौशल्य आणि शारीरिक व्यायाम या तीन विभागांत प्रत्येकी किमान तीन महिने, सरासरी आठवड्याला एक तास द्यावा लागतो. यांपैकी कोणताही एक विभाग सहा महिने चालवायचा असतो. याशिवाय दोन दिवस आणि एका रात्रीची पदभ्रमंती असते. यात स्पर्धा नाही, क्रमांक नाहीत. ठरवलेले पूर्ण केले की पुरस्कार मिळतो. पहिला-दुसरा नंबर नसलेली गोष्ट पालकांच्या बैठकीत समजावून सांगताना शिक्षकांची जी दमछाक झाली, ती पाहण्यासारखी होती.

व्यायामासाठी मुलीने टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर धावणे निवडले. बेळगावच्या पावसात जुलैचे निम्मे रविवार चिखलात गेले, एवढेच त्याविषयी सांगण्यासारखे आहे.

कौशल्याचा विभाग मात्र आम्हा सर्वांनाच अनपेक्षित वळण देऊन गेला. शाळेने सुचवलेल्या यादीत छायाचित्रण, गिटार, बेकरी असे विषय होते, आणि वर्गातल्या बहुतेक मुलांनी त्यांतलाच एखादा घेतला. मुलीने शेजारच्या काकांकडे हातमाग शिकायचे ठरवले. शाळेने थोडे आढेवेढे घेतले. वास्तविक, विषय मुलानेच निवडायचा, हेच या योजनेचे मूळ तत्त्व आहे. काकांनी पहिले तीन आठवडे तिला मागावर बसूच दिले नाही. ती फक्त कांड्या भरत होती आणि तुटलेला धागा सांधायला शिकत होती. चौथ्या आठवड्यात धोटा हातात आला, तेव्हा बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्याचा, ताण सारखा न पडल्यामुळे काठ आत ओढला गेला आणि काकांनी वीतभर विणलेले सगळे उसवायला लावले. तीन महिन्यांच्या अखेरीस तिच्या हातून एक जाडाभरडा पंचा निघाला. शिकवणीच्या वर्गात तिला जे कधी जमले नव्हते, म्हणजे एकाच चुकीवर पाच वेळा परत येणे, ते इथे ती कुरकुर न करता करत होती, हे मी दाराआडून पाहिले आहे.

सेवेचा विभाग तिने सहा महिन्यांसाठी घेतला आणि गल्लीतल्या देवळाच्या ओवरीत दर रविवारी सकाळी लहान मुलांना गोष्टीची पुस्तके वाचून दाखवू लागली. तिथे येणारी काही मुले मराठी शाळेत जाणारी आणि काही कन्नड शाळेत जाणारी. पहिल्या महिन्यात ती शिकवत होती, पण पुढे कन्नड शाळेतल्या तिसरीच्या एका मुलीनेच तिला दुकानांच्या पाट्या झरझर वाचायला शिकवले. शाळेत इतकी वर्षे कन्नड विषय असूनही तिला ते जमत नव्हते. गणपतीच्या दिवसांत दोन रविवार कोणीच आले नाही. तो खाडा तिने नोंदीत प्रामाणिकपणे लिहिला आणि दोन आठवडे पुढे वाढवून घेतले.

या नोंदींविषयी माझी खरी तक्रार आहे. प्रत्येक तासाची नोंद ऑनलाइन वहीत करावी लागते आणि प्रत्येक विभागाला त्या विषयातला, कुटुंबाबाहेरचा मूल्यमापक लागतो. आमच्या शाळेत हे सगळे इंग्रजीतच चालते. चाळीस वर्षे मागावर बसलेल्या काकांना ईमेल नाही आणि इंग्रजीही येत नाही. त्यांचा अभिप्राय त्यांनी मराठीत सांगितला, शिक्षिकेने तो भाषांतर करून भरला आणि त्यात ‘हात अजून जड आहे, पण नजर चांगली आहे’ या वाक्याचे ‘गुड प्रोग्रेस’ झाले. मूळ वाक्य मी मुलीच्या कागदी वहीत काकांच्याच अक्षरात लिहून घेतले आहे.

पदभ्रमंतीविषयी सर्वांत जास्त विचारणा होते. नियमानुसार चार ते सात जणांच्या गटाने मार्ग स्वतः आखायचा, दिवसातले किमान सहा तास त्या कामात घालवायचे, सामान स्वतः वाहायचे, स्वयंपाक स्वतः करायचा आणि शिक्षकांनी लांबून लक्ष ठेवायचे. मुख्य भ्रमंतीआधी एक सरावाची भ्रमंती करावी लागते. नोव्हेंबरमध्ये येळ्ळूरच्या राजहंसगड परिसरात झालेली सराव-भ्रमंती माझ्या मते फसलीच. शाळेची बस गटाच्या मागेमागे फिरत होती, दुपारचे जेवण डब्यांतून पोहोचवले गेले आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर दर अर्ध्या तासाला फोटो येत होते. आम्ही काही पालकांनी लेखी आक्षेप घेतला. काहींनी आमच्यावरच आक्षेप घेतला.

डिसेंबरची मुख्य भ्रमंती मात्र खरी झाली. पाच मुलींच्या गटाने उचगावहून निघून देवरवाडी, वैजनाथ मंदिर आणि तिथून महिपाळगड असा मार्ग ठरवला. उचगाव कर्नाटकात आणि बाकी सगळे चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. त्यामुळे अंदाजपत्रकातच पहिला धडा मिळाला : उचगावपर्यंत बसचा प्रवास कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे मुलींना मोफत, पण सीमेपलीकडून परतताना ती सवलत चालते का, हे पहिल्या मसुद्यात कोणीच पाहिले नव्हते. सुरक्षिततेच्या कागदावरही आधी फक्त बेळगावचे दवाखाने होते. शिक्षिकेने तो कागद परत पाठवून सीमेपलीकडचे प्राथमिक आरोग्य केंद्र शोधायला लावले. शाळेने केलेल्या कामांपैकी हे मला सर्वांत मोलाचे वाटते.

पहिल्या दुपारी गट उसाच्या फडातल्या बैलगाडीच्या वाटेने भरकटला आणि दीड तास वाया गेला. रात्री देवरवाडीत परवानगी घेऊन तंबू लावले. पिठले जमले, भात कच्चा राहिला. दुसऱ्या दिवशी महिपाळगडावर, जिथे किल्ल्यातच गाव वसलेले आहे, तिथल्या एका आजींनी त्यांना ताक दिले. स्वावलंबनाच्या नियमात ताक बसते की नाही, यावर मुलींची बराच वेळ चर्चा झाली आणि शेवटी ते अहवालात लिहून टाकायचे ठरले.

खर्चाचे म्हणाल, तर नोंदणी शुल्क सोडून बूट, पाठपिशवी आणि रेनकोट मिळून आमचे साडेचार हजार रुपये गेले. तंबू आणि झोपण्याच्या पिशव्या शाळेच्या होत्या. त्या नसत्या, तर हे अनेक घरांना झेपले नसते, आणि त्यामुळेच ही योजना अजून मोठ्या शुल्काच्या शाळांपुरती राहिली आहे, असे मला वाटते.

शाळा निवडण्यापूर्वी पालकांनी दोनच गोष्टी विचाराव्यात : विषय मूल स्वतः निवडू शकते का, आणि भ्रमंतीत बस किती अंतरावर असते. आमच्या शाळेला दुसऱ्या प्रश्नाचे बरे उत्तर द्यायला एक सराव-भ्रमंती खर्ची घालावी लागली.

रौप्य स्तराचे आम्ही पुढे ढकलले आहे. पुढचे वर्ष दहावीचे आहे आणि त्यातली भ्रमंती तीन दिवस व दोन रात्रींची असते. कांस्य स्तराची शेवटची मंजुरी अजून आलेली नाही. ऑनलाइन वहीत धावण्याचे दोन आठवडे ‘प्रलंबित’ दिसत आहेत, आणि ते नेमके जुलैतले, चिखलाचे आहेत.