गादीदार टप: इंदूरमधल्या एका कारखान्याचं काम, आतून आणि बाहेरून

कन्व्हर्टिबल, म्हणजे छत उघडता येणाऱ्या मोटारीचा टप बदलून देणारे इंदूरमध्ये बरेच आहेत. जुनं कापड फाडायचं, रेक्झिन ताणायचं, कडेला खिळे ठोकायचे आणि गाडी परत द्यायची, असं ते काम. गादी भरलेला, न मिटणारा, अख्खा उचलून काढायचा टप घडवणं हा मात्र निराळा धंदा आहे. सियागंजाच्या मागच्या गल्लीतला, पाटी नसलेला एक छोटा कारखाना तो जीव लावून करतो. हे परीक्षण त्यांनी १९४७च्या शेवरोले फ्लीटमास्टर कन्व्हर्टिबलवर केलेल्या टपाचं आहे. निकाल आधीच सांगतो: भराव आणि शिलाई उत्तम, सांगाडा चांगला, पाण्याचा बंदोबस्त मात्र मागे उभं राहून करून घ्यावा लागतो.

टपाचा हा प्रकार आला लॉस एंजेलिसहून. तिथे व्हर्मॉन्ट अॅव्हेन्यूवर अमोस कार्सन यांचं टप आणि गादीकामाचं दुकान होतं. त्यांच्याकडचे कारागीर ग्लेन हाउझर यांनी १९३५च्या सुमाराला एका मॉडेल ए फोर्डवर पहिला गादीदार टप चढवला, असं मानलं जातं. त्या काळचा नेहमीचा टप म्हणजे चार-पाच कमानींवर ताणलेलं कापड. जुना झाला की कमानींच्या मधे झोळ पडे आणि उपाशी घोड्याच्या बरगड्यांसारख्या कमानी वर दिसत. हाउझर यांनी कमानी एकमेकींना पक्क्या जोडल्या, वर गादी भरली आणि छत कूपेच्या, म्हणजे पक्क्या छताच्या दोन दारी मोटारीच्या, पत्र्यासारखं गुळगुळीत केलं. मिटवायची सोय गेली, पण घाट आला.

या टपाला खरी मागणी आली ती काच कापणाऱ्यांमुळे. पुढच्या काचेचे खांब तीन-चार इंच कापून गाडी बुटकी करायची चाल कॅलिफोर्नियात रुजली, आणि खांब कापले की कंपनीचा मूळ टप बसेना. त्या वर्षांतल्या बऱ्याच गाड्यांची पुढची काच सपाट, दोन तुकड्यांची होती, त्यामुळे ती कापणं सोपं होतं. पुढे वाकवलेली एकसंध काच आली आणि हे काम अवघड, महाग झालं. तोवर १९३६ची फोर्ड, १९४०ची मर्क्युरी अशा गाड्यांवर हा टप ठरूनच गेला होता: मागे उतरती रेषा, चिंचोळी मागची काच, पांढरं किंवा सायीच्या रंगाचं कापड. ‘कार्सन टप’ हे नाव मग दुसऱ्या कुणी केलेल्या टपालाही चिकटलं.

वेगळ्या घाटाची मोटार इंदूरला नवी नाही. इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर दुसरे यांनी ड्यूझेनबर्ग एसजे या अमेरिकी मोटारीच्या चॅसीवर (खालच्या सांगाड्यावर) लंडनच्या गर्नी नटिंग या बॉडी बांधणाऱ्या कंपनीकडून बॉडी बांधून घेतली होती, आणि ती गाडी आजही जगातल्या नामांकित मोटारींत गणली जाते. पण लॉस एंजेलिसमध्ये टप घरी ठेवून महिनेन्‌महिने हिंडता येतं. इथे मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि त्यानंतरच्या चार महिन्यांत ९०० ते १००० मिलिमीटर पाऊस पडतो. तिकडची कृती जशीच्या तशी उचलून इथे चालत नाही. कारखान्याला हे नीट कळलेलं आहे, हा त्यांचा पहिला गुण.

या गाडीचे खांब कापलेले नाहीत, आणि कापू नयेत असंच आमचं मत आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेतला विंटेज क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, फेरनोंदणीला ५,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नको. खांबावर करवत चालवली की ती बॉडीवरच चालली. उचलून काढायचा टप मूळ भोकांत, मूळ कड्यांवर बसवला तर गाडीला काहीच होत नाही. कारखान्यानं कंपनीच्या मिटणाऱ्या कमानी न कापता उतरवल्या, प्रत्येक बोल्टला चिठ्ठी लावली आणि सगळं गोणपाटात बांधून परत दिलं. दुसऱ्या कारखान्यांत याच कमानी कापून नव्या सांगाड्यात जिरवतात. तशी सूचना कुणी केली तर गाडी घेऊन निघा.

काच न कापता हा टप केला की गाडी डोक्यावर टोपलं घेतल्यासारखी उंच दिसायची भीती असते. इथे उपाय सांगाड्यात केला आहे. पुढच्या काचेवरची उंची तशीच ठेवली, सर्वांत उंच जागा चालकाच्या डोक्याच्या जरा मागे आणली आणि मागच्या सीटवरची कमान मूळपेक्षा ४० मिलिमीटर खाली घेतली. त्यात गादी आणि आतलं अस्तर मिळून आणखी ३५ ते ४० मिलिमीटर जागा खातात. म्हणून घरातल्या सर्वांत उंच माणसाला मागच्या सीटवर बसवून माप घ्यायचं, आणि तेही सीटची स्प्रिंग दबल्यावर. रिकाम्या सीटवरून घेतलेलं माप हमखास फसवतं.

सांगाडा १९ मिलिमीटरच्या गोल नळीचा, जाडी १.६ मिलिमीटर. नळी वाकवण्याच्या यंत्रावर वाकवलेली आहे, तापवून नाही. तापवली की वळणावर चपटी होते. सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्यांनी बरोबर केली: माप घेताना गाडी चारही चाकांवर, सपाट फरशीवर उभी होती. छत नसलेल्या गाडीची बॉडी लवचीक असते. जॅकवर चढवली की दाराच्या फटी बदलतात, आणि त्या अवस्थेत बेतलेला सांगाडा गाडी खाली आल्यावर बसत नाही. आधी दारांच्या बिजागऱ्या नीट करायच्या, मगच टप. वेल्डिंगचे नुसते टाके गाडीवर मारले, बॅटरी सोडून आणि बॉडी ओल्या घोंगड्यांनी झाकून. पूर्ण वेल्डिंग खाली, साच्यात जखडून, एकदा या टोकाला तर एकदा त्या टोकाला थोडं थोडं केलं. एका दमात केलं असतं तर सांगाड्याला पीळ बसला असता. दाराची काच आणि सांगाडा यांत ४ मिलिमीटरची फट दोन्ही बाजूंना सारखी आहे.

पुढच्या काचेवर बसणारी लाकडी पट्टी सागाची आहे, तीन थर वाकवून चिकटवलेली. अखंड फळीतून वळण कापलं की कडेला रेषा आडव्या जातात आणि खिळा मारताच लाकूड उकलतं. पट्टीला सगळीकडून वॉर्निश हवं, खिळे बसतात त्या भागालाही. खिळे आणि स्टेपल स्टेनलेसचे मागा. साध्या लोखंडी टाचण्या एका पावसाळ्यात गंजतात आणि पांढऱ्या कापडावर तपकिरी ठिपके उमटतात. ते ठिपके पुढे कशानंही जात नाहीत.

आता भराव, जो या कारखान्याचा खरा मान आहे. कमानींवर आधी ५० मिलिमीटरची सुती नवार, पुढून मागे पाच पट्टे, ताणून रिबिट केलेली. तिच्यावर तरट. जुन्या पद्धतीत यावर कापसाचा थर येई. कापूस छान बसतो, पण पाणी धरतो आणि दोन-तीन वर्षांत दबून गोळे होतात. इथे तरटावर ६ मिलिमीटरचा बंद छिद्रांचा फोम आहे, जो पाणी पीत नाही. त्यावर फक्त मधल्या भागात १२ मिलिमीटरचा ३२ डेन्सिटीचा नेहमीचा फोम. दमट हवेत हा फोम कालांतरानं पिवळी भुकटी होऊन गळतो, म्हणून तो पातळच ठेवायचा. कडा आधी सुरीनं उतरत्या कापून नंतर पॉलिश कागदानं घासल्या आहेत. हात फिरवला तर फोम कुठे संपला ते बोटांना कळत नाही. सगळ्यांवर मांजरपाट, आधी भिजवून, वाळवून आटवलेलं. कोरं लावलं तर पहिल्या पावसात आटून गादी ओढतं आणि कोपरे वर येतात.

मांजरपाट चढल्यावर एक दिवस थांबा आणि टप तिरप्या उजेडात पाहा. सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर, गाडीच्या मागे उकिडवं बसून. खाच, उंचवटा, डाव्या-उजव्या खांद्यातला फरक, सगळं तेव्हाच दिसतं आणि तेव्हाच दुरुस्त होतं. बाहेरचं कापड दोष झाकत नाही, उलट ठळक करतं. या गाडीत मागच्या उजव्या कोपऱ्यावर कुबड होतं. त्यांनी निमूटपणे मांजरपाट सोडलं, फोम तासला आणि पुन्हा चढवलं. घासाघीस नाही, जादा पैसे नाहीत.

बाहेरचं कापड गिऱ्हाईकानं आणायचं. इथे तीन थरांचं अॅक्रिलिक टपाचं कापड वापरलं आहे: वर रंग मुरवलेलं अॅक्रिलिक, मध्ये रबर, खाली सुती-पॉलिएस्टर. रुंदी १५२ सेंटिमीटर, लागलं ५ मीटर. आतल्या अस्तराला ६ मीटर. कारखान्यात स्वस्त रेक्झिन सुचवतील. घेऊ नका. इंदूरच्या उन्हात त्यातला मऊपणा उडून जातो आणि कमानींच्या रेषेवर ते तडकतं. कापड तीन भागांत कापतात, मधला पट्टा आणि दोन बाजू. तिन्ही भागांचा विणीचा रोख एकाच दिशेनं आहे ना, ते कापण्याआधी स्वतः पाहा. एक तुकडा उलटा गेला की सावलीत दिसत नाही, उन्हात वेगळा रंग दिसतो.

शिलाई पॉलिएस्टरच्या बॉन्डेड दोऱ्याची, १८ नंबरची सुई, टाका साडेचार मिलिमीटर. बारीक टाका मजबूत असतो हा समज इथे घातक ठरतो. जवळजवळ पाडलेली भोकं म्हणजे तिकिटाची फाडायची कड, ताण आला की कापड तिथेच फाटतं. जोड दुमडून, दोनदा शिवलेला आणि आतून सीलर लावलेला आहे. कापड ताणायचं काम त्यांनी भर दुपारी केलं, कापड उन्हात तापवून. गार झाल्यावर ते आणखी घट्ट बसतं.

चिकटवण्याच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून उभं राहा. कारखान्यात डबाबंद रबर सोल्युशन सर्रास वापरतात. मेच्या उन्हात ते मऊ पडतं, कापडाखाली फुगे येतात, आणि पांढऱ्या कापडातून पिवळा डाग वर झिरपतो. उष्णता सोसणारं निओप्रीनचं चिकटद्रव्य मागा, आणि तेही फक्त कडांना. मधल्या गादीला बाहेरचं कापड चिकटवायचंच नसतं, ते ताणावर बसतं. इथे हे सांगावं लागलं. सांगितल्यावर ऐकलं.

मागची काच ६० बाय १८ सेंटिमीटर, टफन्ड, प्लायच्या चौकटीत रबरानं बसवलेली. घाट सुंदर दिसतो, पण मागचं फार थोडं दिसतं. दोन्ही बाजूंना बाहेरचे आरसे लावल्याशिवाय ही गाडी राजवाड्याच्या गर्दीत नेऊ नये.

उणीव आहे ती मागच्या कडेला. टप मागे ८ मिलिमीटरच्या सहा स्टडवर बसतो, डिकीतून पंखनटांनी आवळायचा. कडेखाली त्यांनी नुसता नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीची पट्टी, लावला होता. नमदा पाणी शोषतो आणि ते थेट डिकीत सोडतो. त्या जागी १० मिलिमीटरची ईपीडीएम रबराची पट्टी हवी. तपासणी सोपी आहे. रबराला खडू फासा, टप आवळा, सोडा; समोरच्या पत्र्यावर खडूची रेघ जिथे तुटली तिथे फट आहे. मग पाण्याची नळी, खालून वर, प्रत्येक टप्प्याला दहा मिनिटं. वरूनच पाणी सोडलं तर गळती कुठली ते कळत नाही, सगळीकडेच ओलं होतं. या गाडीत डाव्या मागच्या कोपऱ्याला फट निघाली आणि रबर बदलल्यावर बंद झाली. ही चाचणी कारखाना आपणहून करत नाही. शेवटचे पैसे तिच्यानंतरच द्यावेत.

आतलं अस्तर लोकरी-सुती मिश्र कापडाचं आहे, कमानी पूर्ण झाकणारं. मखमल सुचवली जाते; ती जड असते आणि मध्ये लोंबते. चौकडीची बटणं टाचलेली नक्षीही सुचवतील. तिनं या टपाची सारी सफाई जाते.

टप उचलायला दोन माणसं लागतात, एक या दारी, एक त्या दारी. काढल्यावर मागच्या कडेवर कधी उभा करू नका. गादी दबते आणि सांगाडा हळूहळू तिरका होतो. गॅरेजच्या छताला कप्पी लावून, नवारीच्या चार पट्ट्यांत आडवा टांगा आणि सुती चादर घाला. प्लॅस्टिक घालू नका, आत दमट हवा कोंडते. धूळ मऊ ब्रशनं विणीच्या रोखानं झाडायची. पाण्याच्या दाबाचा फवारा शिवणीवर मारायचा नाही.

सांगाडा, भराव आणि शिलाई यांची मजुरी कारखाना वेगवेगळी सांगतो, हे चांगलं आहे. टप्प्याटप्प्यानं काम पाहून पैसे देता येतात. वेळ दीड महिना धरून चाला. दसऱ्यानंतर गाडी द्या म्हणजे लाकूड आणि मांजरपाट कोरड्या हवेत बसतं. जूनच्या तोंडावर घाईनं टप मागणाऱ्याला ते स्वतःच नाही म्हणतात.