ब्लीक हाऊस २००५ : जाडजूड कादंबरीला अर्ध्या तासाचे एपिसोडच मानवतात

जुन्या इंग्लिश कादंबऱ्यांवरच्या सिरीयल म्हटलं की बऱ्याच जणांना झालरवाले झगे, मेणबत्त्या, मोठमोठ्या हवेल्या आणि पियानो एवढंच आठवतं आणि मग ते "बघू नंतर कधीतरी" म्हणून सोडून देतात. त्या सगळ्यांना माझं एकच सांगणं आहे, बीबीसीची २००५ ची ब्लीक हाऊस लावा आणि निदान तीन एपिसोड होईपर्यंत उठू नका. व्हिक्टोरियन, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या कादंबऱ्यांवर अलीकडे जे जे झालंय त्यातलं मला सगळ्यात जास्त आवडलेलं काम हेच, आणि का आवडलं ते जरा नीट सांगायचंय.

चार्ल्स डिकन्सने ब्लीक हाऊस ही मूळ कादंबरी एकदम पुस्तक म्हणून काढलीच नव्हती. मार्च १८५२ ते सप्टेंबर १८५३, दर महिन्याला एक पातळ अंक, किंमत एक शिलिंग, शेवटी जोडअंक. म्हणजे लोक महिनाभर थांबायचे, पुढे काय होणार यावर आपसात बोलायचे, आणि डिकन्स प्रत्येक अंक अशा जागी तोडायचा की पुढचा घेतल्याशिवाय चैन पडू नये. पटकथाकार अँड्र्यू डेव्हिसने हेच ओळखलं. एकूण १५ एपिसोड, पहिला तासाचा आणि बाकीचे सगळे अर्ध्या अर्ध्या तासाचे, आणि बीबीसीने ते आठवड्यातून दोनदा ईस्टएंडर्स ही तिथली अतिशय लोकप्रिय मालिका संपली की लगेच दाखवले. क्लासिक म्हणून रविवारच्या सोवळ्यात ठेवलं नाही, रोजच्या मालिका बघणाऱ्या प्रेक्षकांसमोर नेऊन ठेवलं, आणि डिकन्सचा वाचक तरी दुसरा कोण होता!

गोष्ट थोडक्यात अशी की लंडनच्या चॅन्सरी कोर्टात जार्नडिस विरुद्ध जार्नडिस हा मृत्युपत्राचा खटला पिढ्यानपिढ्या चाललाय, त्यात माणसं जन्मली, म्हातारी झाली, मेली, वकिलांची फी मात्र सुरूच. या खटल्यात अडकलेली दोन तरुण मुलं, रिचर्ड आणि एडा, त्यांच्यासोबत राहायला आलेली अनाथ एस्थर, आणि दुसरीकडे श्रीमंत लेडी डेडलॉक जिचं एक जुनं गुपित आहे. कोर्टाच्या एका कागदावरचं हस्ताक्षर बघून ती क्षणभर दचकते आणि समोर बसलेला तिच्या नवऱ्याचा वकील टल्किंगहॉर्न ते टिपतो. बस, तिथून सगळं सुरू होतं. अख्खी रहस्यकथा एका दचकण्यावर उभी आहे आणि जिलियन अँडरसन ते इतकं बारीक करते की पापणी लवली तर निसटेल. चार्ल्स डान्सचा टल्किंगहॉर्न तर मी पाहिलेल्या सगळ्यात भीतीदायक माणसांपैकी एक, आवाज चढवत नाही, धमकी देत नाही, फक्त माहिती गोळा करत राहतो, आणि त्या माहितीचं तो नक्की काय करणार हे कळत नाही म्हणूनच जास्त भीती वाटते.

कॅमेऱ्याबद्दल लोकांची तक्रार असते ती मला माहीत आहे. सीन बदलताना सपकन आवाज येतो, एकाच इमारतीवर दोन तीन झटक्यात जवळ जातात, कॅमेरा हातात धरल्यासारखा हलतो, डोकं दुखतं असं काही जण म्हणतात. मला पहिल्या एपिसोडमध्ये ते खटकलं, नंतर नाही, कारण या गोष्टीत प्रत्येक जण प्रत्येकावर नजर ठेवून आहे आणि कॅमेरापण तसाच दाराआडून, खांद्यावरून, कागदांच्या ढिगामागून बघतो. शांत सुंदर फ्रेम लावून बसले असते तर पुन्हा त्याच झालरी आणि मेणबत्त्या झाल्या असत्या.

आता जे हरवलंय ते. कादंबरीत दोन आवाज आहेत, एक वरून सगळं बघणारा संतापलेला निवेदक आणि दुसरी एस्थर, स्वतःची गोष्ट स्वतः सांगणारी. पुस्तकाची सुरुवातच लंडनच्या धुक्याच्या त्या प्रसिद्ध वर्णनाने होते आणि ते धुकं कोर्टात शिरून बसतं. सिरीयलमध्ये तो रागावलेला आवाज नाही. गरिबांबद्दलचा डिकन्सचा जो थेट वाचकाच्या अंगावर येणारा संताप आहे, विशेषतः रस्ता झाडणाऱ्या जो नावाच्या पोराच्या बाबतीत, तो इथे फक्त करुण होतो, आणि हे मला खरंच खटकतं. एस्थरच्या बाबतीत मात्र उलटं झालंय. पुस्तकात ती स्वतःला सारखं कमी लेखते आणि काही वाचकांना कंटाळा येतो, इथे अ‍ॅना मॅक्सवेल मार्टिन ते सगळं न बोलता चेहऱ्यावर आणते. देवीच्या आजारानंतर ती बुरखा वर करते आणि आधी लग्नाची मागणी घालून गेलेला गपी ते व्रण बघून घाईघाईने मागणी परत घेतो तो सीन बघा. बर्न गॉरमनचा गपी चिकट, लाचार आणि तरी थोडा दयनीय. अ‍ॅनाला या कामासाठी बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला ते योग्यच, सिरीयललाही मिळाला.

काही पात्रं गाळलीत, स्नॅग्जबी आणि बॅग्नेट कुटुंब नाहीत, आणि टल्किंगहॉर्नला क्लॅम्ब नावाचा नवीन कारकून दिलाय जो पुस्तकात नाहीच. मला याचं काही वाटलं नाही. फिल डेव्हिसचा खुर्चीत बसून शिव्याशाप देणारा स्मॉलवीड मिळतोय ना, मग चालेल.

बाकीच्यांशी तुलना केली की मुद्दा अजून स्पष्ट होतो. २०११ चा जेन एअर सिनेमा मला आवडतो, जेन थॉर्नफिल्ड या हवेलीतून पळून जाते तिथूनच सुरू करून मागे जायची कल्पना छान आहे, आणि ती कादंबरी एकाच बाईच्या मनाभोवती फिरते म्हणून दोन तासांत मावतेसुद्धा. अँड्रिया अर्नल्डच्या वुदरिंग हाईट्समध्ये वारा, चिखल, जनावरं जिवंत आहेत पण पुढची पिढी सरळ कापून टाकलीय. आर्मांडो इयानुचीच्या डेव्हिड कॉपरफिल्डमध्ये देव पटेल गोड आहे, कास्टिंग मोकळ्या मनाने केलंय, डेव्हिडच्या डोराने स्वतःच मला या गोष्टीतून काढून टाक म्हणणं ही तर फारच हुशार जागा, पण माणसं येतात, एखादा मस्त सीन करतात आणि तुम्हाला त्यांची सवय व्हायच्या आत जातात. डिकन्सच्या पात्रांची सवयच व्हावी लागते. आणि २०२३ च्या ग्रेट एक्स्पेक्टेशन्सला सहा एपिसोड होते, ऑलिव्हिया कोलमन होती, तरी सगळा वेळ अंधार, शिव्या आणि अफूवर गेला. नायक पिप स्वतःच्या माणसांची लाज बाळगायला लागतो ही खरी जखम, ती अशा मोठ्या धक्क्यांत दबून जाते.

बघायचीच असेल तर मूळ अर्ध्या तासाच्या एपिसोडची आवृत्ती शोधा. अमेरिकेत पीबीएस या वाहिनीवर दाखवताना एपिसोड जोडून लांब केले होते, त्यात मधले थांबे जातात आणि या सिरीयलचा अर्धा जीव त्या थांब्यांत आहे. शक्य असेल तर एका बसणीत दोनच बघा. रिचर्ड खटल्याच्या नादी लागून हळूहळू कसा पोखरला जातो ते एका रात्रीत सगळं संपवलं तर जाणवतच नाही, दिवसांचं अंतर असलं की प्रत्येक वेळी तो आधीपेक्षा वाईट दिसतो. आणि संपली की लगेच अँड्र्यू डेव्हिसचीच २००८ ची लिटिल डॉरिट घ्या, १४ एपिसोड, क्लेअर फॉय आहे, वेग जरा कमी आहे पण कर्जाच्या तुरुंगातलं ते कुटुंब, विशेषतः टॉम कोर्टनीने केलेला बाप, बघितलाच पाहिजे.