एलसीडी पाटी आठ महिने वापरली, बायोलॉजीसाठी घ्यावी का?

आमची धाकटी यंदा एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, मराठी मीडियम. गेल्या जुलैत तिला ती बटन दाबलं की पुसणारी दहा इंची एलसीडी पाटी मागवली, तीनशेच्या आत मिळाली. घेतली होती गणिताच्या रफ वर्कला, पण लांब गणित तीवर मावतच नाही त्यामुळे पंधरा दिवसांत कोपऱ्यात गेली. मग ऑगस्टमध्ये हृदयाचा धडा आला आणि तिथनं पाटीला खरं काम लागलं.

पोरगी एकच धरून बसलेली, रोहिणी म्हणजे चांगलं रक्त, नीला म्हणजे अशुद्ध. मग फुफ्फुसाकडं जाणारी रोहिणी आली की सगळी गाडी घसरायची, कारण त्या रोहिणीतनं ऑक्सिजन कमी असलेलं रक्त जातं. पुस्तकात लाल-निळा रंग बघून पाठ केलेलं, आणि आमची पाटी 'कलर' म्हणून घेतलेली असली तरी रंगाचे पट्टे जागच्या जागी ठरलेले, वर हिरवा तर खाली गुलाबी, आपल्याला पाहिजे तिथं लाल येत नाही. (कलरवाली घेऊ नका, पैसे वाया.) म्हणून रंग सोडूनच दिला आणि नुसते बाण काढायला लावले. हृदयातनं बाहेर निघाली ती रोहिणी, हृदयाकडं परत आली ती नीला, आत रक्त कसलं का असेना. तीन-चारदा बाणानं काढल्यावर तिचं तीच म्हणाली, "पप्पा, मग फुफ्फुसाकडनं येणाऱ्या नीलेत चांगलं रक्त असणार की!" मी नववीपर्यंत शिकलेला, वडगावात लूम चालवणारा माणूस, मला पण तेव्हाच कळलं.

डावं-उजवं हा दुसरा घोळ. ती डावा निलय, म्हणजे हृदयाचा खालचा डावा कप्पा, कागदाच्या डाव्या बाजूलाच काढायची. शेवटी मी पाटी छातीला धरून तिच्यासमोर उभा राहिलो, माझा डावा हात तुझ्या कुठल्या बाजूला आला बघ म्हटलं. त्यानंतर चुकली नाही, आणि डाव्या निलयाची भिंत जाड का तेही बसलं, त्याला अंगभर रक्त ढकलायचं असतं, उजव्याला शेजारच्या फुफ्फुसापर्यंतच.

आता तक्रारी. एक बाण चुकला तर तेवढाच खोडता येत नाही, बटन दाबलं की सगळंच साफ. सुरुवातीला पोरगी वैतागायची, पण त्यामुळंच एका रात्रीत तीच आकृती चार-पाचदा निघायची, वहीवर कोण काढणार गा? आनुवंशिकतेच्या धड्यातले मेंडेलचे सोळा चौकोन भरताना मात्र तेराव्याला भाच्यानं बटन दाबलं आणि ती रडकुंडीला आली. मागं लॉकचं बटन असतं, ते लावत जा. पाटीला स्वतःचा उजेड नाही, त्यामुळं लाईट गेली की काही दिसत नाही, मोबाईलचा टॉर्च मारला तर चकाकतं. सेल मात्र फक्त पुसतानाच खर्च होतो, आमचा एकदाच बदलला, घड्याळवाल्याकडनं.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाटी तपासत नाही. नेफ्रॉनच्या, म्हणजे मूत्रपिंडातल्या रक्त गाळणाऱ्या बारीक नळीच्या आकृतीत ग्लुकोज आणि बरंचसं पाणी नळीतनं परत रक्तात जातं, तो बाण ही तीन दिवस उलटाच काढत होती आणि उलटाच पक्का झाला. मूत्रपिंडात दिवसाला सुमारे 180 लिटर गाळलं जातं, बाहेर पडतं लिटर-दोन लिटर. आमच्यात नळाला पाणी आलं त्या दिवशी पंधरा लिटरच्या बादल्या मोजायला लावल्या, बारा होतात. एवढं सगळं बाहेर गेलं तर माणूस सकाळपर्यंत राहील काय, म्हटलं, तेव्हा बाण सुलटा झाला. तेव्हापासनं पुसायच्या आधी पुस्तकाशी जुळवायचं हा नियम केला.

आणि प्रिपरेटरीत, म्हणजे बोर्डाआधीच्या सराव परीक्षेत, आकृती बरोबर असून मार्क गेले, नावांच्या रेघा एकमेकींवरनं गेलेल्या. बोथट पेनची सवय लागते हो. जानेवारीपासनं म्हणून पाटी फक्त आठवून काढायला आणि शेवटची आकृती पेन्सिलनं कागदावर, असं चालवलं.

घेणार असाल तर साधी एका रंगाची घ्या, आणि पेन सुतळीनं बांधा. आमचं दिवाळीच्या साफसफाईत गेलं, तेव्हापासनं रिफिल काढलेल्या बॉलपेननं भागवतोय.