सुरक्षा क्लिनिक की खाजगी लॅब?

बडोद्याच्या दांडिया बाजारातला मित्र, लग्न दोन महिन्यांवर. परवा चहाचा कप फिरवत हळूच म्हणाला, "गुप्तरोगांची तपासणी करायचीय रे. सयाजी रुग्णालयात सुरक्षा क्लिनिकला, म्हणजे सरकारी गुप्तरोग केंद्रात जाऊ, की लॅबवाल्याला घरी बोलावू?" त्रास काहीच नव्हता. पण क्लॅमिडियासारखा लैंगिक संबंधांतून होणारा संसर्ग बहुतेकदा गुपचूप अंगात बसून असतो.

खर्चाचं सोपं आहे. सरकारी केंद्रात एचआयव्ही, सिफिलिस फुकट. लॅबच्या 'फुल बॉडी' जाहिराती सोडा, यादी वाचा. थायरॉइड असतं, गनोरियासारखा गुप्तरोग नसतो.

खरा फरक काय सापडतं त्यात. सुरक्षा क्लिनिकात भर लक्षणांवर: स्राव, फोड दिसला की औषधांचं किट हातात, तेही मोफत. लक्षणंच नसतील तर क्लॅमिडिया-गनोरियासाठी लघवीची पीसीआर, म्हणजे जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी लागते, ती मोठ्या खाजगी लॅबमध्ये सहज होते. मात्र तिथे रिपोर्ट मोबाइलवर येतो, समजावायला कोणी नाही. सरकारी केंद्रात समुपदेशक आधीही बोलतो, नंतरही.

गुप्तता? सयाजीत कोणाची तरी आत्या भेटतेच! पण २०१७च्या कायद्याने एचआयव्हीची माहिती दोन्हीकडे गोपनीयच.

घाई दोन्हीकडे वाया. एचआयव्हीच्या रॅपिड (झटपट) चाचणीचा निगेटिव्ह धोक्याच्या प्रसंगानंतर ९० दिवस उलटल्यावरच पक्का धरावा. धोका कालपरवाचाच असेल तर मात्र ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठा, एचआयव्ही-प्रतिबंधक गोळ्या तिथे मिळतात.

लक्षणं असतील, खिसा रिकामा असेल, मनात भीती असेल तर सुरक्षा क्लिनिक. मित्राला मी लॅब सांगितली, पीसीआरसह, आणि होणाऱ्या बायकोशी बोलायलाही.