नाल्याचा काठ खचतोय: गॅबियन, काँक्रीट भिंत की वाळा?

नागपूरजवळ हिंगणा, कळमेश्वर किंवा बुटीबोरीकडे नाल्याला लागून शेत असेल आणि दर पावसाळ्यात धुऱ्याची थोडी माती जात असेल, तर ठेकेदाराला बोलावण्याआधी मे महिन्यात कोरड्या पात्रात उतरा. काठ नेमका कुठून जातोय ते आधी बघायचं.

वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी जोरात आपटतं आणि काठाचा पायथा कोरतं. आतल्या अंगाला वेग मंदावतो, म्हणून तिथे रेती साचते. तुमचं शेत बाहेरच्या अंगाला असेल, तर पायथ्याशी कपार दिसेल, वर मुळं लोंबकळताना दिसतील. काठावर, कडेपासून हात-दोन हातांवर समांतर भेग असेल, तर तो तुकडा पुढच्या पुरात जाणार. खरं तर तो बहुतेकदा पूर ओसरताना जातो: काळी माती पाणी पिऊन जड झालेली असते आणि बाहेरून टेका देणारं पाणी अचानक उतरतं.

नुसता वरचा उतार घसरत असेल आणि पायथा शाबूत असेल, तर वाळा (खस गवत) पुरतो. तीन पर्यायांत सगळ्यांत स्वस्त हाच. काठ आधी 1:1.5 (उभं 1, आडवं 1.5) किंवा त्याहून सपाट उताराला आणा, जुलैच्या सुरुवातीला 15 सेंमी अंतराने ठोंब लावा, ओळींत मीटरभर जागा ठेवा. मुळं सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत 3 मीटरपर्यंत. पण पूर्ण पकड यायला दोन पावसाळे लागतात आणि पहिल्या उन्हाळ्यात पाणी दिलं नाही, तर नागपूरच्या उन्हात अर्धे ठोंब वाळतात. बांबू काठाच्या अगदी कडेला लावू नका. त्याची मुळं वरच्या थरातच पसरतात, खालून माती गेली की अख्खं बेट आडवं होतं. बेशरमीची झुडपं तर नकोच, ती पात्रात शिरून पाणी अडवतात.

पायथा कोरला जात असेल तिथे वाळा हरतो, गॅबियन, म्हणजे दगड भरलेल्या तारेच्या जाळीच्या पेट्या, कामाला येतं. दोन मीटर उंचीसाठी खालचा थर दीड मीटर रुंद, वरचा एक मीटर, म्हणजे धावत्या मीटरला अडीच घनमीटर दगड. तीस मीटरला 75 घनमीटर, समोरचा अ‍ॅप्रन (पायथ्यापुढे पात्रात अंथरलेला दगडांचा थर) वेगळा. दगड जाळीच्या भोकापेक्षा मोठा हवा, साधारण 15 ते 25 सेंमी, आणि खाणीतला टणक काळा दगड. मुरमाड दगड दोन पावसाळ्यांत फुटून भोकातून निघून जातो. दगड टोपलीने ओतू नका, हाताने रचा आणि दर तृतीयांश उंचीला आडव्या तारा बांधा, नाहीतर पेटी पोट काढते. मागे जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड) टाकलं नाही, तर दगडांच्या फटींतून माती वाहून जाते आणि भिंत उभी असताना मागे खड्डा पडतो. सांडपाण्याच्या नाल्यात साधी तार लवकर गंजते, तिथे पीव्हीसी लेपाचीच घ्या.

काँक्रीट भिंत जागा कमी घेते, एवढाच तिचा मोठा फायदा. घर किंवा रस्ता काठाला चिकटलेला असेल तर तीच बांधा. मात्र गॅबियन जमीन खचली की वाकतं, भिंत तडकते. फुगणाऱ्या काळ्या मातीत मागे मुरूम-गिट्टीचा थर आणि दीडेक मीटरवर वीप होल, म्हणजे मागचं पाणी बाहेर काढणारी भोकं, हवीतच. ती बुजली की मागचं पाणी भिंत ढकलून पाडतं. पाया कोरण्याच्या खोलीच्या खाली गेला पाहिजे. शिवाय भिंतीने पूर कमी होत नाही. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. पात्र आवळलं की पाणी खालच्या शेजाऱ्याकडे जोरात जातं.

शेतासाठी आमचा कौल मिश्र कामाला: खाली मीटरभर गॅबियन, वर उतारावर वाळा. त्याआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. नाला बहुधा सरकारी असतो आणि त्यात पुढे सरकलेलं काम पाडावं लागू शकतं. गॅबियनचं किंवा भिंतीचं काम फेब्रुवारी ते मे यातच उरका. आणि दोन्ही टोकं काठात किमान दोन मीटर आत घुसवा, कारण पाणी समोरून हरलं की टोकाच्या मागून शिरतं आणि चांगलं बांधलेलं काम तिथूनच उखडतं.